तपस्विनी, सेविका आणि शिक्षिका

मराठी चरित्रवाङ्मयांत ज्या थोड्या शिक्षकांना स्थान मिळालें आहे, त्यांत अगदीं लहान मुलांना शिकविणाऱ्या स्त्रियांचा वाटा उपेक्षणीय नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ हीं दोन नांवें सुशिक्षित महाराष्ट्रीय कुटुंबांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्यांच्यावर गौरवपर लेख लिहिले गेले, चरित्रें झालीं. अनुताईंनीं स्वतः ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकांत आपल्या आयुष्याची व कार्याची हकीकत सांगितली. हें लेखन आदरानें लिहिलेलें आहे आणि तें आदरानेंच वाचलें जातें. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांपैकीं कोणत्याही एका ग्रंथाचें परीक्षण करणार नाहीं. या सर्व लेखनानें आणि त्याच्या भोंवतीं वाढलेल्या भाषणांनीं व गौरवांकांनीं मिळून आपल्या मनांत बालशिक्षिकेची जी एक मूर्ति उभी केली आहे, त्या मूर्तीचें परीक्षण करावें, एवढाच आमचा हेतु आहे. ती मूर्ति पुस्तकांतच राहिली असती, तर हा खटाटोप करण्याचें कारण नव्हतें. परंतु ती सरकारी ठरावांत, संस्थांच्या जमाखर्चांत आणि आपल्या घरच्या बोलण्यांतही येऊन बसली आहे. आणि तिच्यामुळें आज लाखों स्त्रियांच्या मिळकतीचा व त्याहून अधिक मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न अडून राहिला आहे, असें आमचें मत आहे.

या मूर्तीचे घटक तीन आहेत. पहिला तपाचा. पद्मजा फाटक यांनीं लिहिलेल्या ताराबाईंच्या चरित्राच्या नांवांतच ‘शिक्षणतपस्विनी’ हा शब्द आहे. आणि तो काहीं एकट्या चरित्रलेखिकेचा नव्हे, ताराबाईंविषयीं बोलतांना तो आपल्यापैकीं कोणाच्याही तोंडीं सहज येतो. तपस्वी मनुष्याबद्दल आपल्याला आदर वाटतो. परंतु त्याचा महिन्याचा खर्च कसा भागतो हें विचारणें आपल्याला असभ्यपणाचें वाटतें. दुसरा घटक मातृत्वाचा. आई हीच मुलाची पहिली गुरु, ही भावना आपल्याकडे जुनीच आहे; १९३५ सालीं साने गुरुजींची ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली आणि तिनें महाराष्ट्राच्या मनांत कायमचें घर केलें. ही भावना खोटी आहे असें कोण म्हणेल? पण तिच्यापासून एक अनुमान आपण नकळत काढीत असतों. जें काम आई कोणाजवळ न शिकतां आणि एक पैसाही न घेतां करते, तें करणाऱ्या परक्या बाईला निराळें शिक्षण कशाला, आणि मोठा पगार तरी कशाला? तिसरा घटक सेवेचा. सेवा ही अर्पण करावयाची असते. तेव्हां सेविकेनें तिचें मोल मागितलें, कीं मूर्तीला कोठें तरी तडा गेल्यासारखें आपल्याला वाटतें.

आतां ज्या स्त्रियांच्या आयुष्यावरून ही मूर्ति घडविली, त्या आयुष्याकडे वळून पाहूं. ताराबाई १९१४ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. बालशिक्षणाकडे वळण्यापूर्वी त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. म्हणजे मुलांना शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करणें हाच त्यांचा आरंभींचा व्यवसाय होता. १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनीं वकिली सोडून १९२० सालीं तेथें बालमंदिर काढलें होतें. आणि त्या बालमंदिराच्या जोडीला शिक्षक घडविणारें अध्यापनमंदिरही उभें राहिलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संमेलनें भरविणें, ‘शिक्षणपत्रिका’ चालविणें आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणें हीं त्याचीं मुख्य कामें होतीं. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, तेव्हां तेथेंही मुलांच्या बालवाडीबरोबर बालवाडी चालविणाऱ्या स्त्रियांना तयार करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तरी त्याचें हें दुहेरी स्वरूप बदललें नाहीं. ताराबाईंच्या साऱ्या उद्योगाचा एकच धागा काढावयाचा असेल, तर तो त्याग हा नसून प्रशिक्षण हा आहे, असें आम्हांला वाटतें. त्याग होताच; पण तो ज्यासाठीं केला तें काय होतें, हें विसरून त्याचाच गौरव करणें हा त्या बाईंवर अन्याय होय.

अनुताईंची गोष्टही अशीच. बालपणीं विवाह, लगेच आलेलें वैधव्य, पुण्यांतील स्थिर नोकरी सोडून १९४५ सालीं बोर्डीस जाणें, हा भाग सर्वांना पाठ आहे. परंतु याच अनुताईंनीं वयाची पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठाची पदवी मिळविली, ही गोष्ट गौरवाच्या भाषणांत बहुधा चिकाटीचें उदाहरण म्हणून येते. ती त्याहून अधिक कांहीं सांगते. इतकीं वर्षें मुलांत काढल्यावर आतां आपल्याला शिकण्यासारखें काय उरलें, असें त्यांनीं मानलें नाहीं. लहान मुलांचें शिक्षण हें अखेरपर्यंत शिकत राहण्याचें शास्त्र आहे, अशी ज्यांची श्रद्धा असते त्यांनाच असें वागतां येतें.

मॉंटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोमच्या एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींतील साधनें मोजून-मापून केलेलीं आणि महाग असत. ती पद्धति ठाणे जिल्ह्यांतील आदिवासी मुलांपर्यंत न्यावयाची, तर साधनें बदलणें भाग होतें. ताराबाई व अनुताई यांनीं शिंपले, बिया, पानें, काड्या अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनें तयार केलीं. गुरें राखावयास जाणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. मुलें वर्गापर्यंत येईनात तेव्हां वर्ग त्यांच्या अंगणांत नेला, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. हें सारें वर्णन करतांना आपण ‘किती ही कळकळ!’ असें म्हणतों. पण नुसत्या कळकळीनें हें होत नाहीं. लांकडी ठोकळ्यानें मुलाच्या हाताला व डोळ्याला कोणती संवय लागते हें ज्याला नेमकें ठाऊक आहे, त्यालाच ठोकळ्याच्या जागीं बी ठेवतां येते. वैद्यकांत एका औषधाऐवजीं दुसरें देणाऱ्या वैद्याला आपण जाणकार म्हणतों. येथें मात्र आपण प्रेमळ म्हणून थांबतों. तपाच्या कथेंत ज्ञान हरवतें तें असें.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या प्रसिद्ध पुस्तकाचाही येथें विचार केला पाहिजे. तें प्राथमिक शाळेंतील चौथ्या इयत्तेच्या वर्गाविषयीं असलें, तरी बालशिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनीं त्यापासून स्फूर्ति घेतली आहे. त्यांतील शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून एका वर्गावर एक वर्ष प्रयोग करण्याची परवानगी मागून घेतो. वर्ष संपतें, प्रयोग यशस्वी होतो आणि पुस्तकही संपतें. कथा म्हणून ही रचना उत्तमच आहे. परंतु वाचकानें ध्यानांत ठेवावें कीं, ही एका वर्षाची कथा आहे. खरी शिक्षिका तीस वर्षें त्याच खोलींत असते. तिसाव्या वर्षींही तिचा उत्साह कोणत्या बळावर टिकावा, तिला नवें ज्ञान कोणी द्यावें, म्हातारपणीं तिनें कशावर जगावें, हे प्रश्न एका वर्षाच्या कथेंत येऊं शकत नाहींत. आणि आपल्या बालशिक्षणविषयक वाङ्मयांत दुसरी कथा जवळजवळ कोणी लिहिलीच नाहीं.

ही उणीव वाङ्मयाची म्हणून सोडून देतां आली असती. परंतु १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हां ताराबाईंचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिनें उचलला. आणि त्या शब्दाबरोबर मूर्तीही उचलली. अंगणवाडी चालविणारी स्त्री ही ‘मानसेवी’ कार्यकर्ती ठरली, महाराष्ट्रांत तिचें नांव ‘सेविका’ झालें, तिच्या हाताखालची ‘मदतनीस’, आणि दोघींना मिळावयाचें तें ‘मानधन’. पुढें ही योजना वाढत वाढत देशांत सुमारें चौदा लाख अंगणवाड्यांपर्यंत पोंचली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, मातांना आहार व आरोग्य यांची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा या एका बाईच्या माथीं आल्या. त्यांपैकीं शिक्षण ही एक सेवा झाली. आणि तिला शिक्षिका हें नांव मिळालें नाहीं.

‘मानधन’ या शब्दापाशीं थोडें थांबूं. संस्कृतांत हा शब्द बहुव्रीहि समास म्हणून येतो. मान हेंच ज्याचें धन, असा त्याचा अर्थ. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गांत दुर्योधनाची राजनीति पाहून आलेला वनेचर युधिष्ठिराला तेथील हकीकत सांगतो. दुर्योधनाच्या पदरच्या योद्ध्यांना तो मानधन म्हणतो; पण तेथेंच न थांबतां, राजानें त्यांचा धनानें सत्कार केलेला आहे, असेंही तो सांगतो. हे योद्धे त्याच्यासाठीं प्राण देण्यास तयार आहेत, हा त्याच्या निवेदनाचा निष्कर्ष होय. ज्याला मान प्रिय आहे त्याला पैशाची गरज नाहीं, असें भारवीच्या दुर्योधनालाही वाटलें नाहीं. आपण मात्र त्या समासाचा अर्थ बदलून पगाराच्या जागीं द्यावयाच्या रकमेला तें नांव दिलें, आणि ज्या स्त्रियांना ती रक्कम मिळते त्यांच्या बाबतींत मूळचा अर्थच खरा करून दाखविला: मान हेंच त्यांचें धन.

त्या धनाचें मोजमापही सांगितलें पाहिजे. केंद्र सरकारनें १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचें मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये आणि मदतनिसेचें १,५०० रुपयांवरून २,२५० रुपये केलें. राज्य सरकारें यांत आपापल्या शक्तीप्रमाणें भर घालतात. महाराष्ट्रानें २०२३ च्या अर्थसंकल्पांत सेविकेची एकूण रक्कम ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेली. तेवढ्यानें भागेना म्हणून डिसेंबर २०२३ मध्यें या स्त्रियांनीं संप सुरू केला, तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला; आणि त्या वर्षीं मानधनांत आणखी वाढ झाली. संपाच्या दिवसांत मुलांच्या तोंडचा घांस काढून घेतल्याची भाषा ऐकूं आली. ती बोलणारे सारेच दुष्ट होते असें नाहीं. त्यांच्या मनांत तीच मूर्ति होती, आणि मूर्ति संप करीत नसते.

या शब्दाचें खरें परीक्षण, आमच्या मतें, साहित्यिकांनीं न करतां न्यायाधीशांनीं केलें. २००६ सालच्या एका निकालांत अंगणवाडी सेविका हें सरकारी पद नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें. २५ एप्रिल २०२२ रोजीं त्याच न्यायालयापुढें गुजरातेंतील अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न आला. त्यांना मिळतें तें मानधन असून वेतन नव्हे, तेव्हां १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू नाहीं, हा विरुद्ध पक्षाच्या म्हणण्यांतील एक भाग होता. न्यायालयानें शब्दाच्या आड न थांबतां काम पाहिलें, आणि कायद्यांतील वेतनाच्या व्याख्येंत हें मानधन बसतें, असा निर्णय दिला. अंगणवाडींत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जें शिकविलें जातें, तें शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या अकराव्या कलमांत सांगितलेलें कार्यच आहे, हेंही तेथें नमूद झालें. आमच्या चरित्रग्रंथांनीं जें सांगावयाचें राहून गेलें, तें एका निकालपत्रानें सांगितलें: ही बाई काम करते, आणि तिचें एक काम शिकविणें हें आहे.

पैशाइतकाच प्रशिक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि दोहोंचें मूळ एकच आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. त्या मुलांच्या शिक्षकाची पात्रता कायद्यानें ठरविली जाते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठीं सरकारनें व्यवस्था करावी एवढें म्हणून तो कायदा पुढें जातो. अंगणवाडी सेविकेच्या मूळ प्रशिक्षणाचा कालावधि कित्येक वर्षें सव्वीस दिवसांचा होता, आणि त्यांत सहाही सेवा शिकवावयाच्या होत्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें ही उणीव ओळखली, याबद्दल त्याचें श्रेय त्याला दिलें पाहिजे. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठीं सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठीं एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यांत सांगितला आहे. पण तो दूरचित्रवाणी व मोबाइल यांच्या द्वारां, चालू काम न सोडतां, महिन्यांतून निदान एकदां प्रत्यक्ष वर्ग भरवून पुरा करावयाचा आहे. मूल कसें रांगतें, कसें रुसतें, बोलतां बोलतां कां थांबतें, हें जाणत्या बाईजवळ बसून पाहण्याचें शिक्षण पडद्यावरून कितपत होईल, याची आम्हांला शंका आहे. इंग्लंडांत मार्गारेट मॅकमिलन यांनीं १९१४ सालीं डेप्टफर्डच्या गरीब वस्तींत शिशुशाळा चालविली; आणि गरीब मुलांना अर्धशिक्षित शिक्षक चालेल ही कल्पना न मानतां १९३० सालीं त्याच ठिकाणीं शिक्षिकांसाठीं पूर्ण तीन वर्षांचें महाविद्यालय उघडलें. आपल्याकडे मॉंटेसोरीबाई १९३९ सालीं अड्यारला आल्या त्याही शिक्षकांचे वर्ग घेण्यासाठींच. कोणत्याही देशांत बालशिक्षणाची चळवळ ज्यांनीं खऱ्या अर्थानें उभारली, त्यांनीं मुलांच्या शाळेबरोबर शिक्षिकांची शाळा काढली आहे. त्यांचा आपण गौरव करतों आणि त्यांच्या कार्याचा हा अर्धा भाग सोडून देतों.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, पगार वाढविल्यानें प्रेम वाढत नाहीं. उलट नोकरीसाठीं येणाऱ्यांची गर्दी होऊन सेवावृत्ति नाहींशी होईल. या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. पगारी शाळांतून निष्काळजी शिक्षक आपण सर्वांनीं पाहिले आहेत. परंतु ते पगारामुळें निष्काळजी झाले, असें सिद्ध झालेलें नाहीं; आणि कमी पगारानें प्रेम उत्पन्न होतें, असेंही कोणी दाखविलेलें नाहीं. महाविद्यालयांतील अध्यापकांना हा नियम कोणी लावीत नाहीं. आम्हांलाही तो लावलेला आवडणार नाहीं. शिवाय त्याग हा ज्याचा त्यानें करावयाचा असतो. ताराबाईंनीं आपलें स्वास्थ्य सोडलें तें स्वतःच्या निश्चयानें. दुसऱ्याकडून ठरावानें करवून घेतलेल्या त्यागाला निराळें नांव आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. चौदा लाख अंगणवाड्यांचा हिशेब लहान नाहीं, आणि राज्याच्या तिजोरीवर अनेकांचा हक्क असतो, हें आम्हांला मान्य आहे. परंतु हा आक्षेप असेल तर तो उघड आंकड्यांनीं मांडावा. अमुक इतकी रक्कम देणें आज शक्य नाहीं, अमुक वर्षांत तें करूं, असें सांगणारें सरकार प्रामाणिक ठरेल. पैसा नाहीं म्हणून मान देतों, आणि मान दिला म्हणून पैसा मागूं नका, हा युक्तिवाद मात्र प्रामाणिक नाहीं. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें पंचेचाळिसाव्या अनुच्छेदांत सहा वर्षांखालच्या सर्व मुलांचें संगोपन व शिक्षण यांसाठीं झटण्याचें कर्तव्य राज्यावर ठेवलें आहे. तें पार पाडणाऱ्या व्यक्तीचा विचार केल्यावांचून तें पार पडेल कसें?

हा प्रश्न केवळ सरकारचा आहे असें समजून आमच्या वाचकांनीं निश्चिंत होऊं नये. आपलीं मुलें-नातवंडें अंगणवाडींत जात नाहींत. तीं खासगी बालवर्गांत जातात. तेथें प्रवेश घेतांना आपण इमारत पाहतों, खेळणीं पाहतों, इंग्रजी गाणीं किती शिकवितात तें विचारतों. ‘येथील बाईंनीं बालशिक्षणाचा अभ्यास कोठें केला?’ हा प्रश्न आपण क्वचित् विचारतों, आणि ‘त्यांना आपण काय देतां?’ हा तर विचारीतच नाहीं. फी भरली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें आपल्याला वाटतें. पण त्या फीचा कितवा भाग मुलाचा हात धरून बसणाऱ्या बाईपर्यंत पोंचतो, हें जाणून घेणें हा पालकांच्या जबाबदारीचाच भाग आहे. तिची चिंता मुलापर्यंत पोंचल्यावांचून राहत नाहीं.

साहित्याच्या बाजूनें आमचें मागणें याहून सोपें आहे. बालशिक्षिकेचें चरित्र लिहिणाऱ्यानें तिचें काम काम म्हणून लिहावें. ती कोठें शिकली, कोणाजवळ शिकली, तिच्या वर्गांत किती मुलें होतीं, कोणतें साधन तिनें कां बदलले, कोणता प्रयोग फसला, हें वाचकाला सांगावें. तिला महिन्याला काय मिळत असे, तें वेळेवर मिळे कीं नाहीं, आणि निवृत्त झाल्यावर तिच्या हातांत काय राहिलें, हेंही संकोच न करतां लिहावें. असें लिहिल्यानें ताराबाई व अनुताई यांची थोरवी तिळमात्र कमी होणार नाहीं. उलट त्यांना जें खरोखर हवें होतें, तें आपल्या ध्यानांत येईल. गांवोगांव आपल्यासारख्या तपस्विनी निर्माण व्हाव्यात, एवढ्यासाठीं त्यांनीं अध्यापनवर्ग चालविले नाहींत. साध्या घरांतील, साध्या बुद्धीच्या, संसार सांभाळणाऱ्या स्त्रीलाही हें शास्त्र शिकतां यावें, तिच्याकडून तें नीट वापरलें जावें, आणि त्यावर तिला मानानें जगतां यावें, यासाठीं ते होते. तशी स्त्री आज महाराष्ट्राच्या गांवोगांवीं रोज सकाळीं अंगणवाडीचें दार उघडते. तिला सेविका म्हणावें कीं शिक्षिका, हा निर्णय आपण आतां घेतला पाहिजे. आणि शिक्षिका म्हणावयाचें ठरलें, तर शिक्षिकेला जें द्यावें लागतें तें तिला दिलें पाहिजे.